यारा बिर्केलँड: सात सागरी मैलांच्या फेरीचा हिशेब

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्सग्रुनजवळ हेरोया नावाचा औद्योगिक भाग आहे. तिथे यारा कंपनीचा खतांचा मोठा कारखाना आहे. तयार खत कंटेनरमध्ये भरायचे, ब्रेव्हिक किंवा लार्विक बंदरात पोचवायचे आणि तिथून मोठ्या जहाजांवर चढवून परदेशी पाठवायचे, असा हा रोजचा व्यवहार. हेरोया ते ब्रेव्हिक पाण्यावरून जेमतेम सात सागरी मैल, लार्विक तीसेक मैल. तरीही कंटेनर जात होते ते ट्रकने, तेही वस्तीतल्या रस्त्यांवरून. कंपनीच्या हिशेबाने दिवसाला शंभर आणि वर्षाला सुमारे ४०,००० फेऱ्या.

मे २०१७ मध्ये यारा आणि कोंग्सबर्ग या दोन नॉर्वेजियन कंपन्यांनी जाहीर केले की या ट्रकांच्या जागी विजेवर चालणारे, पुढे माणसांशिवाय चालणारे कंटेनर जहाज आणणार. नाव ठेवले यारा बिर्केलँड. क्रिस्टियान बिर्केलँड हे ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ. विजेच्या ठिणगीने हवेतला नायट्रोजन बांधून खत करण्याची पद्धत त्यांनी सॅम एडे यांच्यासह काढली आणि त्यातून १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो उभी राहिली. यारा ही तिचीच २००४ मध्ये वेगळी झालेली शाखा.

जहाजाबद्दल बातम्या भरपूर आल्या, बहुतेक 'जगातले पहिले रोबो-जहाज' अशा मथळ्यांच्या. पण हे प्रकरण शिकण्यासारखे आहे ते वेगळ्या कारणाने. रस्ता सोडून पाण्यावर येणे, डिझेल सोडून बॅटरी घेणे आणि खलाशी काढून संगणक बसवणे, असे तीन बदल इथे एकाच सांगाड्यात केले आहेत. तिघांचा फायदा वेगवेगळ्या खात्यात जमा होतो आणि तिघांच्या अडचणीही वेगळ्या आहेत. ही खाती एकत्र केली की सगळा गोंधळ होतो.

जहाजात काय आहे

लांबी सुमारे ८० मीटर, रुंदी १५ मीटर, वहनक्षमता ३,२०० टनांच्या आसपास, आणि वीस फुटी मापाचे १२० कंटेनर म्हणजे १२० टीईयू. भागाकार केला तर कंटेनरमागे साडेसव्वीस टन येतात. कपडे किंवा खेळणी नेणाऱ्या जहाजाला एवढी क्षमता लागत नाही. खत जड असते आणि कंटेनर आकारमानाने भरण्याआधी वजनाने भरतो, म्हणून हा आकडा असा आहे. जहाज एका मालकाच्या एका मालासाठी बेतलेले आहे, ही गोष्ट पुढे वारंवार कामाला येते.

मागच्या बाजूला प्रत्येकी ९०० किलोवॅटचे, सर्व दिशांना फिरू शकणारे, जहाज पुढे ढकलणारे दोन प्रोपल्शन पॉड आहेत. पुढे नाळेकडे आडवा धक्का देणारे प्रत्येकी ७०० किलोवॅटचे दोन थ्रस्टर. इतक्या लहान जहाजाला आडवी ताकद एवढी मोठी दिली, कारण धक्क्याला लागताना टगबोट घ्यायची नाही. बॅटरी सुमारे ६.८ मेगावॅट-तासांची, स्वित्झर्लंडच्या लेक्लान्शे कंपनीची. त्यात २० स्ट्रिंग, प्रत्येक स्ट्रिंगमध्ये ५१ मॉड्यूल आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये ३२ सेल, म्हणजे एकूण ३२,६४० सेल. हे सगळे आठ वेगवेगळ्या खोल्यांत विभागले आहे. एखादी स्ट्रिंग बंद पडली किंवा एखादी खोली वेगळी काढावी लागली तरी बाकीच्यांवर जहाज चालत राहते. आराखड्यात बॅलास्टच्या पाण्याच्या टाक्याच ठेवलेल्या नाहीत. जहाज स्थिर ठेवायला लागणारे खालचे वजन बॅटरीच पुरवते. बॅलास्ट नाही म्हटल्यावर एका बंदरातले जीवजंतू दुसऱ्या बंदरात सोडण्याचा प्रश्न नाही, पंप-व्हॉल्व्हचे एक जंजाळही कमी.

सांगाडा रुमानियातल्या ब्राइला येथे तयार झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाण्यात उतरला. पुढची जोडणी नॉर्वेत वार्ड कंपनीच्या ब्राटव्होग गोदीत झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये जहाज ताब्यात आले. बांधणीचा करार सुमारे २५ कोटी क्रोनरचा होता आणि प्रकल्पाला एनोव्हा या सरकारी संस्थेने १३.३६ कोटी क्रोनरचे साहाय्य दिले. हे साहाय्य वगळून कुणी नफ्या-तोट्याची चर्चा करू लागले तर ती अर्धवटच म्हणायची.

विजेचा हिशेब

पाण्यावर वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती ढोबळमानाने आठपट होते. अंतर तेच राहते, वेळ निम्मा होतो, म्हणून दर मैलामागची ऊर्जा चौपट होते. बॅटरीवरच्या जहाजाचे सगळे अर्थशास्त्र या एका नियमावर उभे आहे आणि म्हणूनच यारा बिर्केलँडचा नेहमीचा वेग सहा नॉट्सच्या, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांच्या घरात ठेवला आहे. सायकलस्वारही ताशी अकरा किलोमीटरहून जोरात जातो. पण खताला घाई नसते.

पूर्ण १,८०० किलोवॅट ओढले तर ६.८ मेगावॅट-तासांची बॅटरी कागदावर पावणेचार तास पुरेल. प्रत्यक्षात कमीच, कारण आयुष्य टिकवायचे असेल तर बॅटरी तळापर्यंत रिकामी करत नाहीत आणि काठोकाठ भरतही नाहीत. वापरण्याजोगी क्षमता पाच मेगावॅट-तास धरू. सहा नॉट्सला, शांत पाण्यात, या आकाराच्या जहाजाला दीड-दोनशे किलोवॅट पुरावेत. हा आमचा वरच्या नियमावरून काढलेला ढोबळ अंदाज आहे, मोजणी नाही. ब्रेव्हिकला पोचायला एक तास दहा मिनिटे, म्हणजे साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलोवॅट-तास. परतीचे तेवढेच. त्यात थ्रस्टर, पंप, संगणक, सेन्सर, हिवाळ्यातले हीटर हे सगळे मिळवले तरी एका फेरीचे ८०० किलोवॅट-तास भरपूर झाले.

मग बॅटरी एवढी मोठी का? उत्तर लार्विकच्या तीस मैलांत आणि वाऱ्यात आहे. लार्विकची जा-ये दहा नॉट्सने, मध्ये चार्ज न करता करायची म्हटली तर तोच ढोबळ हिशेब पाच मेगावॅट-तासांच्या जवळ जातो. शिवाय समोरून वारा आला, धक्का रिकामा नाही म्हणून दोन तास ताटकळावे लागले किंवा एक पॉड बंद पडला, तर राखीव ऊर्जा हवीच. डिझेलच्या जहाजावर टाकीत आठवड्याचे तेल असते, त्यामुळे कप्तानाला अशी चिंता नसते. इथे दर प्रवासाआधी 'मध्येच परत फिरावे लागले तर किती उरेल' हे गणित संगणकाला करावे लागते.

कार्बनचा हिशेब, आणि तो कुठे चुकतो

यारा म्हणते, वर्षाला ४०,००० ट्रकफेऱ्या वाचतील आणि सुमारे १,००० टन कार्बन डायऑक्साइड वाचेल. भागाकार केला तर फेरीमागे २५ किलो येतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीमागे साडेनऊ लिटर डिझेल. एवढ्या अंतराला जड ट्रकसाठी हा आकडा पटण्याजोगा आहे, फुगवलेला वाटत नाही.

मात्र ४०,००० ही पूर्ण क्षमतेची संख्या आहे. वसंत २०२२ मध्ये व्यापारी फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाचे प्रमाण आठवड्याला दोन फेऱ्या, दर फेरीला जास्तीत जास्त शंभर कंटेनर असे होते. वर्षाचे झाले १०,४०० कंटेनर. ट्रकचे जाणे आणि येणे वेगवेगळे मोजले तरी २०,८०० फेऱ्या, म्हणजे जाहीर आकड्याच्या निम्म्या. यात फसवणूक नाही. पण 'वाचेल' आणि 'वाचले' यांतला फरक वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा.

आता खरी गंमत पाहा. शंभर कंटेनर ट्रकने नेऊन रिकामे परत आणायचे तर २०० फेऱ्या, म्हणजे ५,००० किलो कार्बन डायऑक्साइड. जहाजाला लागणारे ८०० किलोवॅट-तास नॉर्वेच्या जलविद्युतेतून आले तर उत्सर्जन जवळपास शून्य. तीच वीज भारतातल्यासारख्या कोळसाप्रधान ग्रिडमधून घेतली, युनिटमागे ०.७ किलो धरले, तर ५६० किलो. आणि बॅटरीऐवजी लहानसे डिझेल जनित्र बसवले असते तरी साधारण तेवढेच, ५३०-५४० किलो. तिन्ही वेळा आकडा ट्रकच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास किंवा खाली.

म्हणजे कार्बनची मोठी बचत बॅटरीने केलेली नाही, संगणकाने तर नाहीच. ती केली पाण्याने आणि सहा नॉट्सच्या संथपणाने. रस्त्यावरचा माल किनाऱ्याच्या पाण्यावर उतरवला की ९० टक्क्यांच्या घरातली बचत तिथेच पदरात पडते.

मग बॅटरी कशासाठी? एक तर उरलेला नववा हिस्सा, नायट्रोजन ऑक्साइड, काजळी आणि वस्तीजवळचा आवाज जावा म्हणून. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे आणि बातम्यांत ते फारसे आले नाही: इंजिनखोलीत माणूस नसणार.

इंजिनखोलीत कुणी नसले तर

डिझेल इंजिन ही सतत लाड करून घेणारी वस्तू आहे. इंधन शुद्ध करणारा सेपरेटर तुंबतो, इंजेक्टर गळतो, फिल्टर बदलावा लागतो, कुठे तेलाचा थेंब ओघळतो तो वेळीच पुसला नाही तर गरम एक्झॉस्टवर पेटतो. जहाजावरच्या मोटरमनचा निम्मा दिवस अशा बारीकसारीक कामांत जातो. विजेच्या मोटरमध्ये फिरणारे भाग थोडे. बेअरिंग, शीतकरणाचा पंप आणि वायरिंगचे इन्सुलेशन एवढ्याकडे लक्ष दिले की झाले, आणि या तिन्हींची तब्येत कंप, तापमान आणि गळका प्रवाह मोजून दुरून कळू शकते. बिनखलाशी जहाज करायचे असेल तर ते विजेचे करणे हा पर्यावरणाइतकाच विश्वासार्हतेचा निर्णय आहे.

याचा उलटा पुरावा मेफ्लॉवर ऑटोनॉमस शिपने दिला. इंग्लंडमधल्या प्लिमथहून अटलांटिक ओलांडायला जून २०२१ मध्ये निघालेली ही पंधरा मीटरची बिनमाणसी नौका काही दिवसांत परतली. मार्ग ठरवणारा संगणक नीट होता. बिघाड झाला होता जनित्राकडच्या यांत्रिक जोडणीत. २०२२ मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जनित्राच्या बिघाडामुळे अझोर्स बेटांकडे वळवावी लागली आणि शेवटी ५ जूनला अमेरिकेऐवजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला लागली. माणूस असता तर पाना घेऊन तासाभरात सुटला असता असा दोष तिथे आठवडे खातो.

पण बॅटरीलाही स्वतःची खोड आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्याच इटरओयनिंगेन या फेरीबोटीवर शीतकरणाचे द्रव गळून बॅटरीखोलीत आग लागली. आग विझली असे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठलेल्या वायूचा स्फोट झाला. मार्च २०२१ मध्ये ब्रिम या पर्यटक बोटीच्या बॅटरीखोलीत खारे पाणी शिरून आग लागली. दोन्हींचा धडा एकच: लिथियम बॅटरीत खारे पाणी किंवा गळका द्रव पोचला की शॉर्टसर्किट, मग सेल तापणे, मग ज्वलनशील वायू. ज्वाळा दिसत नाहीत म्हणजे धोका टळला असे नसते. यारा बिर्केलँडवर आठ खोल्या, वायूचे सेन्सर, दुहेरी तापमान-मोजणी आणि फोमने थंड करून विझवणारी यंत्रणा आहे ती यासाठीच. जहाजावर माणसे नसतील तेव्हा निर्णयाचा क्रम आधीच लिहून ठेवावा लागतो: कोणत्या तापमानाला स्ट्रिंग तोडायची, कोणत्या वायूपातळीला पंखे चालू ठेवायचे किंवा बंद करायचे, खोलीत फोम कधी सोडायचा, आणि बंदराच्या अग्निशमन दलाला पहिल्या मिनिटाला काय कळवायचे.

स्वायत्तता म्हणजे नक्की काय चालते

जहाजावर रडार, लायडर (लेसर किरणांनी अंतर मोजणारे साधन), साधे आणि अवरक्त कॅमेरे, एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा) आणि उपग्रहांवरून स्थान कळवणारी साधने आहेत. प्रत्येकाची एक आंधळी बाजू असते. रडारला पोलादी जहाज लांबून दिसते, पण प्लास्टिकची कयाक किंवा पाण्यात डोके वर काढलेला पोहणारा माणूस लाटांच्या परतीच्या गोंगाटात हरवतो. लायडर जवळचे अंतर सेंटिमीटरमध्ये सांगतो, मात्र बर्फ पडू लागला की तोच बर्फ त्याला भिंतीसारखा दिसतो. कॅमेरा धुक्यात निकामी. अवरक्त कॅमेऱ्याला रात्री माणसाच्या अंगाची ऊब दिसते, पण गार लाकडाचा ओंडका दिसत नाही. एआयएस फक्त ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचीच माहिती देते, आणि उन्हाळ्यात फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत) निघणाऱ्या कित्येक हौशी बोटींकडे ते नसते. म्हणून एका सेन्सरवर विश्वास न ठेवता सगळ्यांची माहिती जुळवून एक चित्र बनवतात, आणि दोन सेन्सर भांडू लागले की जहाज वेग कमी करते.

मार्गही मुद्दाम असा निवडला आहे की बाहेरून मदत मिळावी. सगळा प्रवास किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत, आणि ब्रेव्हिकच्या जहाजवाहतूक नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली. ब्रेव्हिकजवळची सामुद्रधुनी अरुंद आहे, तिथे प्रवाह जोराचा असतो. संगणकाला सर्वात जास्त घाम तिथेच फुटतो, कारण अरुंद जागेत 'थांबतो' म्हणून थांबता येत नाही. सहा नॉट्सवर असताना पॉड बंद केले तर प्रवाह जहाजाला काठावर नेऊन ठेवणार.

म्हणून अशा जहाजाच्या आराखड्यात 'किमान जोखमीची स्थिती' हा शब्दप्रयोग मध्यवर्ती असतो. संपर्क तुटला, सेन्सर गेला, पॉड बंद पडला, तर जहाजाने काय करायचे? मोकळ्या पाण्यात असेल तर जागच्या जागी राहायचे, उथळ भागात नांगर टाकायचा, सामुद्रधुनीत शिरायच्या आधी असेल तर बाहेरच थांबायचे, आणि शिरल्यावर असेल तर उरलेल्या पॉडवर पुढे निघून जायचे. मार्गाच्या प्रत्येक तुकड्यासाठी उत्तर वेगळे. ही उत्तरे आधी कागदावर लिहावी लागतात, मग धोक्यांची यादी करून एकेक तपासावी लागतात, मग सिम्युलेटरवर, मग खलाशी जहाजावर ठेवून पाण्यात. नॉर्वेच्या सागरी प्राधिकरणाने २०२० मध्ये आणि डीएनव्ही या वर्गीकरण (जहाजांची सुरक्षितता तपासून दर्जा देणाऱ्या) संस्थेने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकांचा गाभा हाच आहे.

किनाऱ्यावरून नजर ठेवण्याचे काम मास्टर्ली या कंपनीकडे आहे. कोंग्सबर्ग आणि विल्हेल्मसेन यांनी ती २०१८ मध्ये काढली. कल्पना अशी की एका दालनात बसलेले परवानाधारक अधिकारी एकापेक्षा जास्त जहाजे पाहतील. इथे एक जुनाच मानवी दोष डोके वर काढतो. चार तास काहीच घडत नाही आणि मग वीस सेकंदांत निर्णय घ्यायचा, हे माणसाला जमत नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, उभा असलेला अधिकारी निदान वारा तोंडावर घेत असतो, जहाजाचा कल पायाला जाणवत असतो. पडद्यासमोरच्या माणसाला आधी परिस्थिती समजून घ्यावी लागते. त्यामुळे संगणकाने नियंत्रण सोपवण्याची सूचना किती आधी द्यावी हा तपशील सेन्सरच्या किमतीपेक्षा मोठा ठरतो.

धक्क्याला लागण्याचे काम दोन टप्प्यांत होते. आधी पॉड आणि थ्रस्टर मिळून जहाज धक्क्याला समांतर आणून तिथेच धरून ठेवतात. मग मॅकग्रेगर कंपनीच्या यंत्रणेतला रोबोटिक हात दोराचा फास धक्क्यावरच्या बोलार्डवर (दोर बांधायच्या खुंटावर) चढवतो आणि विंच दोर ताणून घेतात. माल चढत-उतरत असताना जहाज वर-खाली होते, तेव्हा ताण आपोआप सैल-घट्ट करावा लागतो. खलाशी हे काम नजरेने करतो. दोर जास्त ताणला गेला तर तुटून चाबकासारखा फिरतो, आणि गोदीतले बरेच जबर अपघात याच कारणाने होतात. माणूस तिथून दूर झाला तर स्वायत्ततेचा हा फायदा निर्विवाद आहे.

वेळापत्रक कुठे कोलमडले

२०१७ च्या घोषणेत क्रम असा होता: २०१८ मध्ये खलाशांसह, २०१९ मध्ये दुरून नियंत्रण, २०२० मध्ये पूर्ण स्वायत्त. प्रत्यक्षात जहाजच २०२० च्या अखेरीस मिळाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्लोला दाखवायला नेले गेले, आणि २०२२ मध्ये फेऱ्या सुरू झाल्या त्या खलाशांसह. त्यानंतर दोन वर्षे चाचण्यांची धरली होती. खलाशांचा ब्रिज उचलून काढता येईल असा बसवला आहे; यंत्रणेला मान्यता मिळाली की तो काढायचा, असा बेत.

कोविडने उशीर झालाच. पण २०२० मध्ये काम थांबवताना यारानेच सांगितले की जमिनीवरची स्वायत्त मालहाताळणी ही प्रकल्पापुढची अडचण ठरली आहे. वाचताना विचित्र वाटते: समुद्रात वाट काढणारा संगणक जमला, आणि शंभर मीटरच्या यार्डात अडले?

कारण यार्डात विविधता जास्त असते. क्रेनला लोंबणारा पंचवीस टनांचा कंटेनर वाऱ्याने झुलतो. एकेक कंटेनर उतरला की जहाज थोडे वर येते आणि किंचित कलते, म्हणजे लक्ष्य हलत असते. कंटेनर जागी पक्का धरणारा ट्विस्टलॉक गंजून अडकलेला असतो. कंटेनरचा कोपरा वाकलेला असतो. सील तपासायचे, वजन पडताळायचे, नायट्रेटयुक्त खतावर धोक्याच्या मालाचे नियम लागू होतात का ते पाहायचे. आणि त्याच आवारात बाहेरचे ट्रक आणि पायी चालणारे कामगार असतात. पूर्ण स्वयंचलित करायचे तर कुंपण घालून माणसांना वेगळे काढावे लागते, आणि चालू कारखान्यात कुंपणाला जागा नसते. मोठ्या बंदरात लाखो कंटेनरांवर हा खर्च पसरतो. वर्षाला दहा-वीस हजार कंटेनरांवर तो पसरत नाही.

मजुरीचा भागाकार

स्वायत्ततेचा आणि पर्यावरणाचा खरा संबंध इथे येतो. २४,००० टीईयूच्या महाकाय जहाजावर चोवीसेक माणसे असतात, म्हणजे हजार कंटेनरमागे एक. १२० टीईयूच्या जहाजावर पाच माणसे ठेवली तर चोवीस कंटेनरमागे एक. त्यात पाळ्या आणि सुट्ट्या धरल्या तर पगारपत्रकावर दुप्पट. लहान जहाजे ट्रकपुढे हरतात ती इंधनात नव्हे, या भागाकारात. म्हणून लहान अंतराचा माल रस्त्यावर राहतो आणि वर काढलेला आठ-नवांश फायदा कागदावर. माणसे कमी झाली तर राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, सांडपाण्याची टाकी, हिवाळ्यातली उष्णता हेही जाते. पण २०१७ मध्येच या जहाजाची अंदाजित किंमत त्याच आकाराच्या नेहमीच्या जहाजाच्या तिपटीच्या घरात सांगितली जात होती, हेही दुसऱ्या बाजूला लिहावे लागते.

कोचीत बांधलेली दोन भावंडे

आस्को या नॉर्वेच्या किराणा-वितरक कंपनीने दुसरी वाट धरली. ऑस्लो फ्योर्डच्या मॉस आणि हॉर्टेन या दोन काठांमध्ये ट्रेलर नेणारी मारित आणि थेरेसे ही दोन विजेची जहाजे तिने कोचीन शिपयार्डकडून बांधून घेतली. लांबी ६७ मीटर, प्रत्येकी १६ ट्रेलर, बॅटरी १,८४६ किलोवॅट-तासांची. २०२२ मध्ये कोचीने ती सुपूर्त केली. एवढ्या बॅटरीवर अरबी समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून दोन्ही जहाजे यॉट सर्व्हंट या वाहक जहाजात चढवून नॉर्वेला गेली. त्यांची देखरेखही मास्टर्लीकडेच.

आस्कोचा शहाणपणा ट्रेलरमध्ये आहे. क्रेन नाही, ट्विस्टलॉक नाही. चाकांवरचा माल रॅम्पवरून ट्रॅक्टरने आत ढकलायचा आणि पलीकडे ओढून काढायचा. यारा ज्या यार्डात अडकली ते यार्डच इथे जवळजवळ नाही. कमी अंतर, ठरलेला मार्ग आणि मालक एकच असेल तर कंटेनरपेक्षा रो-रो (चाकांवरचा माल थेट आत-बाहेर नेणारी वाहतूक) बरी, असे आमचे मत या दोन प्रकरणांवरून बनते.

कायद्याची गाठ

टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी ठेवली पाहिजे. कॅमेरा म्हणजे डोळा का, मायक्रोफोन म्हणजे कान का, यावर वर्षे गेली. सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारात जहाजावर पात्र कप्तान असावा आणि समुद्रात संकटात सापडलेल्यांना मदत करावी असेही आहे. रिकामे जहाज बुडणाऱ्याला वर कसे घेणार? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वायत्ततेच्या चार पायऱ्या ठरवून २०२१ मध्ये सगळ्या करारांची छाननी पूर्ण केली. पुढचे वेळापत्रक असे: आधी ऐच्छिक संहिता, तिचा काही वर्षे अनुभव, मग बंधनकारक संहिता, जी १ जानेवारी २०३२ पासून लागू व्हायची आहे. नॉर्वेला एवढे थांबावे लागले नाही, कारण मार्ग देशाच्या पाण्यातच होता आणि २०२० पासूनच्या बंदर कायद्यात स्वायत्त किनारी वाहतुकीची तरतूद होती.

कोकणच्या पाण्यात काय तपासावे लागेल

एक मालक, एक माल, ठरलेली दोन टोके, असा व्यवहार आपल्याकडेही आहे. जयगडहून धरमतरला, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी, खनिज आणि कोळसा उथळ बुडाच्या मिनी बल्क कॅरिअरमधून (सुटा माल नेणाऱ्या छोट्या जहाजांतून) अंबा नदीत येतो. पण अंतर शंभरेक सागरी मैल आणि पावसाळ्यात उघडा समुद्र, त्यामुळे निव्वळ बॅटरी तिथे चालणार नाही. आस्कोच्या जवळचे उदाहरण भाऊचा धक्का ते मांडवा हे आहे. मार्च २०२० पासून तिथे रो-रो चालते, रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर पडणारा वळसा वाचतो आणि बहुतेक प्रवास बंदराच्या आडोशात होतो.

तिथे सर्वात आधी सेन्सरला डोलजाळी दाखवावी लागतील. रायगडच्या खाड्यांच्या तोंडाशी प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही जाळी रडारवर येत नाहीत. पाण्यावर दिसतो तो एखादा प्लास्टिकचा कॅन किंवा बोया, आणि भरतीच्या वेळी तोही अर्धा बुडालेला. लहान होड्यांवर एआयएस नाही, रात्री एखादा कंदील किंवा टॉर्च. फ्योर्डमधल्या कयाकवर शिकवलेला संगणक इथे पहिल्या आठवड्यात जाळे पॉडमध्ये गुंडाळून बसेल. म्हणून आधी वर्षभर, खलाशांसह चालणाऱ्या बोटीवर कॅमेरे बसवून, कोळी समाजाकडून जाळ्यांच्या जागा आणि हंगाम विचारून माहिती गोळा करणे हे पहिले काम. दुसरे काम चार्जिंगचे: मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-साडेचार मीटरनी वर-खाली होते, म्हणजे प्लग धरणारा हात तेवढा सरकता हवा. शिवाय दोन फेऱ्यांमधल्या अर्ध्या तासात ५०० किलोवॅट-तास भरायचे तर धक्क्यावर १,००० किलोवॅटची उच्चदाब जोडणी लागते. ती नसेल तर किनाऱ्यावर साठवणुकीची बॅटरी ठेवून ग्रिडमधून ती सावकाश भरत राहावी लागते, आणि तिचा खर्च जहाजाच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो, बंदराच्या नव्हे.